गुलाबसिंगच्या जीपचं फाउंडेशन

दारव्हा
१२ जानेवारी २०२५

चि. दीपमाला,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पाहून दचकली असशील. कोणी गेलं-बिलं नाही. मी आहे, तुझी मोठी आई पंचफुला आहे, स्टँडजवळचं गॅरेजही आहे. तू दर रविवारी फोन करतेस, मी "हो, हो" म्हणतो आणि फोन पंचफुलाच्या हातात देतो. तुला वाटत असेल, म्हातारा तुसडा झाला. तसं नाही पोरी. मला ऐकू येत नाही. उजवा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता, डावा या दिवाळीत गेला. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, चाळीस वर्षं इंजिनात डोकं घालून बसलात, आता मशीन लावा. मशीन लावलं तर पत्र्याच्या डब्यात कोणी खडे हलवतंय असं वाटतं. पंचफुलाचा आवाजही तसाच येतो. मी तिला तसं सांगितलं, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

म्हणून हे पत्र. माझं दहावीपर्यंतचं मराठी आहे, तेवढ्यात भागवून घे.

काळजी करू नकोस. कान गेले तरी तळहात आहे. तुला ठाऊकच आहे, मी गाडी कानाने कमी आणि हाताने जास्त ऐकतो. बॉनेटवर हात ठेवला की नोझल कचरतंय की टॅपेट ढिले झालेत, सगळं कळतं. हात आहे तोवर गॅरेज आहे. हातही गेला तर त्या दिवशी शटर ओढायचं आणि किल्ली पंचफुलाकडे द्यायची, असं मी ठरवून टाकलंय. अंदाजाने गाड्या खोलून लोकांना फसवणं मला जमणार नाही. पण तशी वेळ आलेली नाही. स्टँडवरचा जीपवाला गुलाबसिंग तर दात दुखला तरी आधी मला विचारायला येतो.

थंडीत बोटांना मुंग्या येतात, एवढंच. उत्तर पाठव आणि अक्षर मोठं काढ. डोळेही काही नवे नाहीत.

तुझा
मोठेबाबा


चाकण
२३ जानेवारी २०२५

ती. मोठेबाबा आणि मोठी आई यांना सप्रेम जयभीम.

पत्र वाचून आधी रडले आणि मग मोठ्या आईच्या अबोल्याचं वाचून हसले. मागे एकदा मी फोनवर सांगितलं होतं की मला चार दिवस ताप आहे, तर तुम्ही म्हणालात, "छान, छान." तेव्हा मी महिनाभर मनात धरून बसले होते. आता स्वतःचीच लाज वाटते.

काल रात्रभर जुनी जीप आठवत होती. बाबा गेल्यावर मला तुम्ही राळेगावहून त्याच जीपमधून दारव्ह्याला आणलंत. मी पाच वर्षांची होते. गियरच्या दांड्याजवळ, उंचवट्यावर मला बसवलं होतं आणि मी रडत होते, तर जीपच्या हादऱ्यांनी माझं रडणंच तुटक तुटक येत होतं. तुम्ही म्हणालात, "आ कर बरं, लांब आ." मी आ केला, तर तो बकरीसारखा निघाला. तुम्हीपण आ केला. यवतमाळ येईपर्यंत आपण दोघं आ, आ, आ करत होतो. मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले, असं मोठी आई अजून सांगते. मला मात्र हसल्याचं आठवत नाही, फक्त पायाला आलेल्या झिणझिण्या आठवतात.

आणि तो आपला खेळ! तुम्ही एका नोझलचा पाइप ढिला करायचात, माझे डोळे मिटायला लावून हात बॉनेटवर ठेवायचात आणि विचारायचात, "चौघांतला कोण रुसला?" सातवीत असताना मी पाच वेळा लागोपाठ बरोबर सांगितलं होतं. तुम्ही स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांना माझ्याकडून चहा पाजलात.

त्या शिकवणीचं पुढे काय झालं पाहा. थरथर ओळखायला तुम्ही शिकवलं आणि ती मारायचा पगार मी घेते. तुम्ही इंजिनाखालच्या ज्या रबराला फाउंडेशन म्हणता, तेच आमच्या कारखान्यात बनतं. फरक इतकाच की आमच्या रबराच्या पोटात पाण्यासारखा द्रव असतो. आत दोन कप्पे, मध्ये एक अरुंद वाट. इंजिन हललं की द्रव एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो. त्या अरुंद वाटेतून ये-जा करून हादरा दमतो आणि सीटपर्यंत पोचतच नाही. आमच्याकडे एक यंत्र आहे, ते एकेका रबराला लाखो वेळा हलवतं. मी समोर बसून ते कधी फाटतं याची वाट बघते. मोठ्या आईला सांगा, शिकून पोरगी हेच करते.

तुमची
दीपा


दारव्हा
१० फेब्रुवारी २०२५

चि. दीपमाला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात तुझं ते पोटात पाणी असलेलं रबर माझ्या दारात आलं. गुलाबसिंगने वर्षभरापूर्वी नवी जीप घेतली. म्हणजे दुसऱ्याच्या हातची, पण नव्या जातीची. दारव्हा ते दिग्रस चालवतो. परवा घेऊन आला आणि म्हणाला, "काका, खालून काईतरी काळं गळून राह्यलं. इंजिनले का झालं वो?" त्याच्या ओठांवरून मला हल्ली बरंच कळतं. बाकीचं तो हातवारे करून सांगतो.

मी अर्धा दिवस तेल कुठून गळतंय ते शोधत होतो. ऑइल सील पाहिलं, चेंबर पाहिलं, सगळं कोरडं. शेवटी बोट लावलं तर गळत होतं ते रबरच! माझ्या आयुष्यात मी रबराला गळताना पाहिलं नव्हतं. हसलो, आणि तुझी आठवण आली.

मग काय, ट्रकचा जुना टायर काढला. सुरी पाण्यात भिजवून त्याचे जाड तुकडे कापले, दोन्ही बाजूंनी पत्रा लावला, भोकं पाडली आणि बसवले. आपल्या जुन्या जीपला मी हेच बसवत होतो. तिने पंधरा वर्षं तक्रार केली नाही. गुलाबसिंगची गाडी चालू केली आणि बॉनेटवर हात ठेवला. तुला काय सांगू! या नव्या गाड्या मला वर्षभर मुक्या वाटत होत्या. हात ठेवला तर कोणी पाठ फिरवून बसल्यासारखं व्हायचं. ही एकदम बोलायला लागली. तिसऱ्या सिलिंडरचं नोझल थोडं ओढतंय, ते मी जागच्या जागी सांगितलं. खोलून पाहिलं तर खरंच. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तुझ्या साहेबांना सांग, दारव्ह्यात एक माणूस टायरपासून फाउंडेशन बनवतो आणि ते गळत नाही.

मोठेबाबा


चाकण
२१ फेब्रुवारी २०२५

ती. मोठेबाबा, सप्रेम जयभीम.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, त्यांना नमस्कार सांगा. खोटं नाही, खरंच म्हणाले.

पण आता शिष्येने गुरूला शिकवल्यासारखं होईल, रागावू नका. जुन्या जीपचं सगळं अंगच त्या हादऱ्यांसाठी केलेलं होतं. या गाडीची बॉडी हलकी आहे. टायरच्या पॅडवर ती उभी असतानासुद्धा सगळीच हलणार. काचा, सीट, आरसा, माणसांचे मणके. काही महिन्यांनी इंजिनाच्या ब्रॅकेटला तडेही जाऊ शकतात. मी नवे माउंट, म्हणजे आमची ती रबरं, पाठवू का? तुम्हीच बसवा, तुमच्याच हाताने. खास करून दिग्रसचा रस्ता आणि म्हातारी-कोतारी माणसं, यांचा विचार करून लिहिते.

तुमची
दीपा


दारव्हा
५ मार्च २०२५

चि. दीपमाला,

तू पाठवू नकोस. गुलाबसिंगला मी स्वतः विचारलं. त्याने अंगठा वर केला आणि म्हणाला, "बढिया चालून राह्यली, काका." ज्याची गाडी तो तक्रार करत नाही आणि तू चाकणला बसून मणके मोजतेस. तू शिकलीस याचा मला अभिमान आहे. पण या हाताने तुला जेवू घातलं, त्याला काही कळत नाही असं समजू नकोस. एवढं लिहून थांबतो. पंचफुला म्हणते, "पोरीले इतकं कायले बोलता?" मी म्हटलं, मला ऐकू येत नाही.

डोमाजी


चाकण
२४ मार्च २०२५

ती. मोठेबाबा,

माझं चुकलं. तुमचे पॅड चांगलेच असणार. मी त्याबद्दल आता काही लिहिणार नाही.

इकडे ऊन सुरू झालंय. कामात आहे, म्हणून पत्र लहान आहे. हाताच्या मुंग्या गेल्या का? मोठ्या आईला सांगा, तिने पाठवलेल्या वाळवणाच्या सांड्या पोचल्या.

तुमची
दीपा


दारव्हा
९ एप्रिल २०२५

चि. दीपमाला,
आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी तुला नको ते बोललो. तुझं उत्तर वाचून पंचफुलाने माझ्याकडे असं पाहिलं की मला सगळं ऐकू आलं. पण तुझं बोलणं आता तसंही मनावर घेण्यासारखं राहिलेलं नाही, कारण मी गॅरेज बंद करतोय. जयंतीची मिरवणूक होऊ दे, मग पंधरा तारखेला शटर ओढतो.

काय झालं ते तुला सांगायलाच हवं. गुलाबसिंग पंधरा-वीस दिवस गॅरेजकडे फिरकला नव्हता. स्टँडवर गाडी लावायचा तीही पार दुसऱ्या टोकाला. मला वाटलं, धंदा जोरात असेल. सोमवारी मीच चालत गेलो. गाडी भरत होती, तो टपरीवर चहा पीत होता. मी सवयीने बॉनेटवर हात ठेवला. काही नाही. मला वाटलं गाडी बंद आहे. मागे जाऊन पाहिलं तर सायलेन्सरमधून धूर येत होता. परत पुढे आलो, दोन्ही हात ठेवले. नीट लक्ष दिल्यावर किंचित काही असल्यासारखं वाटलं, तेही मनाचे खेळ असतील.

गुलाबसिंग पळत आला. मी विचारलं, चालू आहे का रे? तो म्हणाला, "चालू हाय ना, काका." आणि त्याने मान खाली घातली. त्याला माझी कीव आली हे मला दिसलं. पोरी, ते पॅड मी स्वतः कापले होते. त्यांच्यावर ते इंजिन कसं हादरतं ते मला पाठ आहे. गाडी तीच, पॅड तेच, आणि हाताला काही कळत नाही, म्हणजे हातच गेला. थंडी गेली तशा मुंग्याही गेल्या होत्या, मी खूश होतो की हात सुधारला. त्या मुंग्या शेवटच्या असतील.

त्या दिवसापासून मी कुठल्याच गाडीला हात लावलेला नाही. हिंमत होत नाही. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना यवतमाळला पाठवलं. पाने तेल लावून गोणपाटात बांधून ठेवलेत. सकाळी उठतो, गॅरेजमध्ये जातो, खुर्चीवर बसतो आणि दुपारी परत येतो. कान गेले तेव्हा मी कोणाजवळ रडलो नाही. हात गेल्याचं मात्र फार लागलं. तू लहान असताना झोपलीस की नाही ते मी तुझ्या पाठीवर हात ठेवून ओळखायचो. दुपारी पंचफुला झोपली होती तर मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो आणि भीतीने मागे घेतला.

तू येशील तेव्हा ये. घाई नाही.

मोठेबाबा


चाकण
१६ एप्रिल २०२५

ती. मोठेबाबा,

हे पत्र शेवटपर्यंत वाचा. मध्येच फाडू नका.

तुमचा हात गेलेला नाही. गुलाबसिंगदादाच्या गाडीत तुमचे पॅड नाहीत. मी पाठवलेले माउंट आहेत.

आठ मार्चला त्याच्या आईवरून त्याचा मला फोन आला. म्हणाला, "ताई, माही याडी जीपमंधी बसाले तयार नाई. म्हणते, दिग्रसले पोचेपर्यंत मायं एक एक हाड मोजून होते. सवाऱ्या दुसऱ्या गाडीत बसून राह्यल्या. पण काकाले कसा सांगू? त्याइनं एवढ्या हौसेनं बनवलं." तो स्वतः रडकुंडीला आला होता. तुमचं पाच तारखेचं पत्र तेव्हा माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. पोचलं तेव्हा मी आणखी घाबरले. मी दोन माउंट घेतले, ट्रॅव्हल्सच्या गाडीने त्याच्याकडे पाठवले आणि सांगितलं, यवतमाळला बसवून घे, मोठेबाबांना काही बोलू नकोस. त्याने सतरा तारखेला बसवले. तुमच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून तो गाडी लांब लावत होता. त्या सोमवारी त्याने मान खाली घातली ती लाजेने. कीव नव्हती ती.

तुमचं मन दुखू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तुमच्याशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती. चोरी सोपी वाटली. आणि त्या चोरीने तुमचा हातच काढून घेतला. मी हे कसं लिहितेय ते मलाच माहीत.

पत्र वाचल्याबरोबर मोठ्या आईला फोन केला. ती म्हणाली, "तूच लिहून पाठव. म्या पाटीवर लिहून दाखवलं तं त्याइले वाटन, बाई मन राखून राह्यली." मी स्वतः यायला निघाले होते. पण तोंडाने सांगितलं तर तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि समोर बसून लिहून दाखवताना मला तुमच्याकडे बघवणार नाही. म्हणून हे पत्र आधी, मी मागून.

तुमचे टायरचे पॅड गुलाबसिंगदादाने सीटखाली जपून ठेवलेत. त्याला सांगितलंय, तुम्ही बोलावलंत की घेऊन यायचं आणि जे काही पडेल ते खायचं. पण आधी मोठ्या आईच्या पाठीवर हात ठेवा. ती झोपलेली असतानाच ठेवा, म्हणजे तुमचा विश्वास बसेल.

तुमची
दीपा


दारव्हा
२४ एप्रिल २०२५

चि. दीपमाला,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र पोस्टमनने गॅरेजमध्ये आणून दिलं. शटर नऊ दिवस बंद होतं, मी बाहेर पायरीवर बसलो होतो. वाचलं आणि आधी राग आला. इतका राग आला की पत्राचा बोळा केला. मग तो उलगडून परत वाचला. म्हटलं, भीक नको पण कुत्रा आवर, असली तुम्हा दोघांची माया! मी पंधरा दिवस मेल्यासारखा बसलो होतो आणि तुम्ही माझं मन राखत होता. पुढे कधी असं करू नकोस. मला ऐकू येत नाही, म्हणून लोक आता माझ्याशी अर्धंच बोलतात. उरलेलं अर्धं तू तरी लपवू नकोस. भांडायचं तर पत्रात भांड, चार पानं भांड.

पण चूक माझीही आहे. तू फेब्रुवारीत सरळ लिहिलं होतंस आणि मी तुला हाताने जेवू घातल्याचं काढलं. जेवण घालून बोलून दाखवणारा माणूस मीच निघालो. याचं मला वाईट वाटतं.

घरी गेलो. पंचफुला दुपारची झोपली होती. तिच्या पाठीवर हात ठेवला. श्वास कळला. ती घोरत होती, तेही कळलं. ती जागी झाली आणि म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, झोप. ती उठलीच आणि पाटीवर लिहून विचारलं, "रडून काहून राह्यले?"

मग गुलाबसिंगला बोलावलं. तो पॅड दोन्ही हातांत धरून आला. त्याला दोन शिव्या दिल्या आणि एक चहा दिला. त्याच्या याडीची मी माफी मागितली म्हणून निरोप पाठवला. पॅड मी ठेवून घेतलेत. नव्या जातीची गाडी आली आणि चालवून बघितल्याशिवाय दोष सापडत नसेल, तर दहा मिनिटं हे पॅड बसवायचे, फेरी मारायची, गाडी काय म्हणते ते ऐकायचं आणि परत तुमचं रबर लावून द्यायचं. हे कसं वाटतं ते तुझ्या साहेबांना विचार. पाने गोणपाटातून काढलेत. आज सकाळी शटर उघडलं.

आता शेवटचं. काल गुलाबसिंगला मी गाडी चालू ठेवून बॉनेट उघडायला लावलं. तुझ्या पत्रावर विश्वास होता, तरी आधी दोन्ही हात दोनदा पुसले. डावा हात टॅपेट कव्हरवर, थेट इंजिनावर ठेवला. इंजिन थरथरत होतं, चांगलं दणकून, आपल्या जुन्या जीपसारखं. चारही सिलिंडर वेगवेगळे मोजता आले. मग उजवा हात खाली घातला आणि रबराच्या पलीकडे, चेसिसवर टेकवला. तिथे सगळं शांत. दोन हातांत वीतभर अंतर. एका हाताखाली एवढी धडधड, दुसऱ्याखाली काही नाही, आणि मध्ये फक्त तू पाठवलेलं ते रबर. तू इतकी वर्षं नोकरीत काय करतेस ते तू फोनवर सांगायचीस, मी हो हो म्हणायचो. काल ते मला हाताला कळलं. किती मोठं काम करतेस, पोरी. मी तसाच दोन्ही हात लावून उभा राहिलो आणि मला रडू आवरेना. गुलाबसिंगला वाटलं काकाचा हात भाजला, तो पाणी आणायला धावला.

तुझा
मोठेबाबा